इंग्रजीचा प्रोग्रॅम तपासताय? आधी एवढंच करा

शाळेतल्या इंग्रजी शिकवायच्या प्रोग्रॅमने मुलांना खरंच फरक पडतो का, हे पहिल्यांदाच तपासताय ना, जमेल, घाबरू नका. फक्त एक चूक टाळा, प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी मुलांची चाचणी घ्याच. मी पहिल्या वेळी डायरेक्ट मार्चमध्ये गेलो, मुलं छान वाचत होती, पण जूनमध्ये त्यांना किती येत होतं तेच माहीत नाही, मग फरक मोजणार कसला, कपाळ!

- चाचणी एकेका मुलाची, तोंडी. 'असर'च्या (मुलांना किती वाचता येतं ते बघणारं 'प्रथम' संस्थेचं सर्वेक्षण) धर्तीवर मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, साधे शब्द, सोपी वाक्यं, बास. वाक्य वाचलं की अर्थ मराठीत विचारा, पोरं पोपटासारखं वाचतात हो.
- तुलनेसाठी प्रोग्रॅम नसलेल्या एक-दोन शाळा पण घ्या, कारण आपल्याकडे २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे मुलं तशीही थोडं शिकतातच. पण शाळा सारख्या हव्यात, कोथरूडची खाजगी आणि येरवड्याची मनपाची असली जोडी नको.
- बाईंनी निवडून दिलेली 'हुशार' मुलं नकोत, हजेरीपटावरून दर पाचवा नंबर घ्या.

आणि तास बघा, मागे बसून, बाई किती वेळ बोलतात आणि मुलं किती, घड्याळ लावून लिहा (पहिला दिवस सोडून द्या, सगळे तुमच्याकडेच बघत बसतात). मोठी सॉफ्टवेअरं नंतर, आत्ता एक्सेल पुरे.