प्रश्न तुमचे: दुर्बिणीवाचून ताऱ्यांवर प्रोजेक्ट

मॅडम, आम्ही दोघी मैत्रिणी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. विषय फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स. मी गावाहून रोज बेळगावला ये-जा करते. प्रोजेक्ट आकाशाशी संबंधित करायचा आहे. सर म्हणतात, कॉलेजात दुर्बीण नाही, त्यात पावसाळा, त्यापेक्षा लायब्ररी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर करा. मैत्रीण म्हणते, मशीन लर्निंगनं नवा ग्रह शोधू. तिला एक तयार कोड मिळालाय, त्याची अचूकता ९९ टक्के आहे म्हणे. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, लॅपटॉप दादाचा जुना. काय करावं?
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

लायब्ररी मॅनेजमेंट मी परीक्षक म्हणून इतक्या वेळा पाहिलंय, की त्यातल्या पुस्तकांची नावंसुद्धा पाठ झालीत. दर वर्षी फक्त बाइंडिंगचा रंग बदलतो. सरांचं पावसाचं मात्र खरं आहे. तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर ताराच काय, डोंगरही दिसत नाही. पण तुम्हाला वर बघायचंच नाही की!

नासाचा 'टेस' हा उपग्रह दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्यासाठी २०१८ पासून ताऱ्यांचा प्रकाश मोजतोय. आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे तो साधारण २७ दिवस बघतो, आणि निवडक ताऱ्यांची नोंद दर २ मिनिटांनी ठेवतो. म्हणजे एका ताऱ्याची २० हजारांच्या आसपास मोजमापं. ही सगळी माहिती फुकट आहे. उतरवून घ्यायला पायथॉनमधलं 'लाइटकर्व्ह' नावाचं पॅकेज आहे. फाइल जुन्या लॅपटॉपलाही जड होत नाही. लॅपटॉप फारच कुंथत असेल तर गुगल कोलॅबवर, म्हणजे नेटवरून गुगलच्याच कॉम्प्युटरवर, चालवा. फक्त करंट गेला, नेट तुटलं की तिथलं अर्धवट काम वाया जातं, म्हणून प्रत्येक टप्प्याचं उत्तर फाइलीत उतरवून ठेवायची सवय लावा.

सुरुवात नव्या ग्रहापासून नको, ओळखीच्या ग्रहापासून करा. 'वास्प-१८' हा तारा घ्या. त्याचा ग्रह गुरूच्या सुमारे दहापट वजनाचा, आणि तेवीस तासांच्या आतच ताऱ्याभोवती फेरी मारतो. तो आडवा आला की ताऱ्याचा प्रकाश जवळपास १ टक्का घटतो. वेळेनुसार प्रकाशाचा आलेख काढलात की त्यात मध्येच एक मोकळी जागा दिसेल, तेव्हा घाबरू नका. त्या वेळी उपग्रह माहिती पृथ्वीवर पाठवत असतो. ही घट किती काळानं परत येते, ते शोधायला 'बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स' ही २००२ साली मांडलेली पद्धत पुरते. मिळालेल्या काळानं आलेख दुमडला, म्हणजे तेवढ्या लांबीचे तुकडे करून एकावर एक ठेवले, की सगळ्या घटी एकावर एक बसतात. घट १ टक्का, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या एक दशांश, कारण झाकलं जातं ते क्षेत्रफळ. कधी कधी प्रोग्राम काळ दुप्पट किंवा निम्मा सांगतो. तो का, हे वहीत लिहून काढा. तोंडी परीक्षेत मी असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

इथवर झाला सराव. खरा प्रोजेक्ट पुढे आहे. एखादा शांत, ग्रह नसलेला तारा घ्या आणि त्याच्या मोजमापांत तुम्हीच खोट्या घटी पेरा. १ टक्क्याच्या, अर्ध्या टक्क्याच्या, ०.१ च्या, ०.०५ च्या; काळ १ दिवसापासून १२ दिवसांपर्यंत. तांदळात मोजून खडे टाकायचे आणि निवडायला द्यायचे, तसंच हे. एकीनं पेरायचं, दुसरीला सांगायचं नाही. तिनं प्रोग्राम चालवून शोधायचं. मग तक्ता करा: किती खोल, किती दिवसांची घट सापडली, कुठून पुढे निसटली. तुमचा प्रोग्राम काय पाहू शकतो आणि कशाला आंधळा आहे, हे तो तक्ता सांगतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टमधून उचलता येत नाही.

इथे एक जागा फसवी आहे. ताऱ्याचा स्वतःचा संथ चढउतार काढायला आलेख सपाट करावा लागतो. सपाट करायची खिडकी, म्हणजे एका वेळी आलेखाचा केवढा तुकडा धरायचा ते, फार अरुंद ठेवलीत तर ग्रहाची घटही त्यात पुसली जाते. म्हणून पेरणी सपाट करण्याआधी करा, नंतर नाही. नंतर पेरलीत तर निकाल सुरेख येतील आणि खोटे असतील.

आता मैत्रिणीचे ९९ टक्के. समज, १००० ताऱ्यांत १० जणांना ग्रह आहेत. प्रत्येक ताऱ्याला डोळे मिटून 'ग्रह नाही' म्हणणारा कोडही ९९ टक्के अचूक ठरतो, आणि ग्रह एकही सापडलेला नसतो! तिला विचार, दहांपैकी किती सापडले, आणि जे सापडले म्हणतेस त्यात खोटे किती. मशीन लर्निंगवर माझा राग नाही. पेरणीचा तक्ता तयार झाल्यावर त्याच पेरलेल्या घटी तिच्या कोडलाही शोधायला देऊन बघा, मग तुलना होईल. आणि नव्या ग्रहाची बातमी घाईनं पेपरात देऊ नका. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासावर ८५-एक मावतील एवढा ढोबळ. शेजारी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असली, तर तिची घट तुमच्या ताऱ्याच्या नावावर चढते.

माध्यमाची काळजी सोड. पॅकेजची माहिती इंग्रजीत आहे, पण त्यात शब्द तेच तेच येतात, आठवड्याभरात सरावतील. सरांना आधी वास्प-१८ चा दुमडलेला आलेख नेऊन दाखवा, परवानगी मग मागा.

मुलगी बीएस्सीला आहे. सुट्टीत पुण्या-बेंगळूरला संशोधनाचा अनुभव घ्यायचा म्हणते. एका ठिकाणी सर्टिफिकेटसाठी फी मागतायत. भरावी का?
— एक पालक, निपाणी

भरू नका. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, तिच्यात निवड झाली तर उलट विद्यार्थ्यालाच मानधन मिळतं. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन संशोधन संस्था मिळून तिथेच पदवीच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात, तीही बघा. खोडदची, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण एनसीआरएच चालवते. उन्हाळ्याचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. अकादम्यांच्या अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. शेवटच्या दिवशी मागितलं की कुठलेही सर घाईत चार ओळी खरडतात, तेव्हा मुलीला आत्ताच सांगून ठेवायला सांगा.