गाठीचा रिपोर्ट यायचाय, तवर यांना कसं सांभाळू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली. मिस्टरांचं वय ४२, शेती आहे आणि खता-बियाण्याचं दुकान. दिवाळीच्या आधीपासून त्यांच्या मानेला डाव्या बाजूनं गाठ होती, दुखत नव्हती म्हणून अंगावर काढलं, मग रात्रीचा घाम सुरू झाला, एवढा की थंडीत पण मध्यरात्री उठून बनियन बदलावं लागतंय आणि पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. सुईची तपासणी झाली त्यात नीट कळलं नाही, म्हणून छत्रपती संभाजीनगरला पूर्ण गाठ काढून तपासायला दिलीय. डॉक्टर म्हणाले लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर असू शकतो, टीबी पण असू शकतो. आता अजून कुठलीतरी तपासणी लावलीय म्हणून रिपोर्ट लांबलाय. हे काहीच बोलत नाहीत, टीव्हीसमोर बसून टाक्यांच्या कडंनं बोटं फिरवत राहतात, मी विषय काढला की "झोप तू" म्हणतात. दीर म्हणतात रिपोर्ट मी आणतो, कॅन्सर निघाला तर दादाला सांगायचं नाही, टीबीच म्हणायचं. सासूबाई एका माणसाचा लेप लावायच्या मागं लागल्यात. मुलगी बारावीला आहे. मी सगळ्यांसमोर हसून राहते अन् मोरीत जाऊन रडते. काय करू?

उत्तर : ताई, आधी दिरांचं घेते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच लागलं. भावाच्या काळजीनंच बोलतायत ते, त्यात शंका नाही. पण हे करू देऊ नका. मी बरीच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर होते, घरच्यांनी पेशंटला "साधी गाठ आहे" म्हणून सांगितलेलं असायचं आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याला विचारायचा, तुमची कितवी केमो? ज्याला कळायचं त्याला कळतंच, फक्त घरात कुणाशी बोलायची सोय राहत नाही, कारण सगळे खोटं धरून बसलेले. आणि तुमचे मिस्टर काही लहान नाहीत, दुकानाची उधारी, पीककर्ज, पोरीचं पुढचं शिक्षण हे सगळं त्यांच्या डोक्यावर आहे, त्यांना खरं माहीत नसेल तर ते निर्णय कशावर घेणार?

मात्र काही माणसांना खरंच सगळं एकदम ऐकायचं नसतं, त्यांचाही मान ठेवावा लागतो. म्हणून रिपोर्ट यायच्या आधीच त्यांनाच विचारा, "डॉक्टर काय सांगतील ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, का आधी मी ऐकू आणि मग तुम्हाला सांगू?" ते जे म्हणतील ते दिरांना त्यांच्यासमोरच सांगा. दिरांना सोबत न्याच, फाइल धरायला, गाडी बघायला, डॉक्टर बोलतात ते लिहून घ्यायला दुसरं माणूस लागतंच, तिथं बायकोच्या कानात निम्मं शिरत नाही.

आता बोलत नाहीत त्याचं. "झोप तू" हा राग नाही ताई, तुम्हाला भीती दिसू नये म्हणून चाललंय त्यांचं, आणि तुम्ही पण तेच करताय मोरीत जाऊन, म्हणजे एका घरात दोघं एकमेकांपासून लपून बसलेत. "काही होत नाही, देव आहे" असं म्हणू नका, त्यानं माणूस अजून गप्प होतो कारण त्याला वाटतं हिला ऐकवणार नाही. त्यापेक्षा सरळ म्हणा, मला पण भीती वाटायलीय. एवढंच म्हणून थांबा, उत्तर मागू नका. आपल्याकडचे पुरुष समोरासमोर बसवलं की बोलत नाहीत, शेताकडं चालताना नाहीतर गाडीवर मागं बसलेलं असताना बोलतात, तेव्हा तोंड दिसत नाही ना. रात्री बनियन बदलायला उठले की दिवा न लावता कोरडं बनियन हातात द्या, उशीचा अभ्रा बदला, काही बोलायची गरज नाही.

रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच निघालं असं अजिबात धरू नका. सुईनं थोड्या पेशी मिळतात, पण लिम्फोमा ओळखायला गाठीची आतली रचना बघावी लागते, म्हणून पूर्ण गाठ काढतात, हे बरोबरच झालंय. त्यानंतर पेशींवर वेगवेगळे रंग लावून बघतात, त्याला आयएचसी म्हणतात, त्यात अजून आठ-दहा दिवस सहज जातात. लिम्फोमाचे प्रकार लई आहेत, हॉजकिन वेगळा, नॉन-हॉजकिन वेगळा, औषधं त्यावर ठरतात, त्यामुळं घाईचा अर्धवट रिपोर्ट घेण्यात काही फायदा नाही. घाम, ताप, वजन उतरणं हे लिम्फोमा आणि टीबी दोन्हींत होतं आणि आपल्या भागात मानेच्या गाठींमागं टीबी बऱ्याचदा असतो, म्हणून डॉक्टर दोन्ही म्हणाले. फक्त एक विचारून घ्या, गाठीचा तुकडा टीबीच्या सीबीनॅट तपासणीलाही गेलाय का. आणि खात्री न करताच "बघू टीबीचं औषध देऊन" असं कुणी सुचवलं तर घाई करू नका, त्यात महिने जातात.

अशक्तपणा आहे म्हणून गावात कुणी इंजेक्शन, गोळ्या देत असेल तर त्यात स्टेरॉइड नाही ना हे आधी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन करून विचारा, स्टेरॉइडनं लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसते आणि अजून एखादी तपासणी करायची राहिली असेल तर ती फसते. ताप आला की वहीत तारीख आणि आकडा लिहा, वजन आठवड्याला एकदा. तोंड किंवा मान सुजली, आडवं पडलं की दम लागला, तर रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

कागदांचं पण बघा. रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, हे मागून घ्या, पुढं मुंबईला टाटा हॉस्पिटलला किंवा बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायचं झालं तर तेच मागतात. रेशनकार्ड, आधार एका पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात त्यांच्याकडं विचारा. छत्रपती संभाजीनगरलाच सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे हेही लक्षात असू द्या, शेत गहाण टाकायची बोलणी आत्ताच नकोत. आणि लिम्फोमाच निघाला तरी, हॉजकिनमध्ये आजार पसरलेला असतानाही खूप पेशंट पूर्ण बरे होतात, हे मी वॉर्डात डोळ्यानं बघितलंय. काही प्रकार तर इतके हळू वाढतात की डॉक्टर लगेच औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. कुठला प्रकार ते कळायच्या आधी रात्री मोबाइलवर शोधत बसू नका.

सासूबाईंचा लेप टाक्यांवर लागू देऊ नका, जखम चिघळली की सगळंच लांबतं. पण नुसतं नको म्हणलं तर त्या दुखावतील, आई आहेत त्या. त्यांच्याकडं लेकाचं खाणं द्या, घामानं अंगातलं पाणी जातं, तर ताक, वरणाचं पाणी, थोडं थोडं पण दर दोन तासांनी.

मुलीला काहीच माहीत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण बारावीची पोरगी आहे, वाळत घातलेली बनियनं तिलाही दिसतात. तिला एवढंच सांगा, पप्पांची गाठ तपासायला दिलीय, अजून कळलं नाही, कळलं की तुलाही सांगू, तू अभ्यास कर. आणि तुम्ही स्वतः बहीण, मैत्रीण कुणी एक माणूस धरा, जिला रात्री अकराला पण फोन करता येईल. नातेवाइकांचे विचारपुशीचे फोन दिरांकडं वळवा, त्यांना काहीतरी करायचंच आहे ना, हे काम त्यांना चांगलं जमेल.