विधेयकाचं ‘वाचन’ : पण वाचतं कोण?

प्रश्न असा आला आहे : ‘विधेयकाचं तिसरं वाचन झालं’ असं बातमीत येतं, पण सभागृहात तर कोणी काही वाचताना दिसत नाही. मग ‘वाचन’ कशाला म्हणायचं? ‘फेरी’ किंवा ‘टप्पा’ म्हटलं तर काय बिघडलं?

आपला शब्द इंग्रजीतल्या ‘रीडिंग’वरून घडवलेला आहे, हे तर उघडच आहे. पण इंग्रजांनी तरी ‘रीडिंग’ का म्हणावं? कारण त्यांच्याकडे खरोखरच वाचत असत. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

सतराव्या शतकातलं लंडनचं हाउस ऑफ लॉर्ड्स डोळ्यांसमोर आणा. विधेयकं छापून सभासदांना वाटायची पद्धत अजून रुळलेली नव्हती. हाती लिहिलेला खर्डा, आणि तो चिटणिसाकडे. बाकीच्या उमरावांना त्यात काय आहे ते कळायचं कानांनीच. लोकरीच्या गादीवर, म्हणजे वूलसॅकवर, लॉर्ड चॅन्सेलर बसलेला; जवळच तशाच गाद्यांवर न्यायाधीश, ज्यांना कायद्याचा सल्ला विचारत पण मत नसे. चिटणीस उभा राहून वाचायचा आणि रोजनाम्यात लॅटिनमध्ये नोंद व्हायची : ‘होदिए प्रीमा विचे लेक्टा एस्ट बिला’, आज विधेयक पहिल्यांदा वाचलं गेलं. यातलं ‘लेक्टा’ म्हणजे ‘वाचलेलं’. तेव्हा हा शब्द अलंकारिक नव्हता, निव्वळ कामाची नोंद होती.

पहिलं वाचन ऐकण्यासाठी. दुसऱ्या वाचनानंतर मुळात हे हवं की नको यावर वाद, आणि मग समिती. समितीत पुन्हा कलमामागून कलम वाचणं आलंच. विधेयक लॉर्ड्समध्येच जन्मलेलं असेल तर एवढं झाल्यावर कागदावरचा खाडाखोडीचा मसुदा चर्मपत्रावर स्वच्छ, ठळक अक्षरात उतरवत, आणि तिसरं वाचन त्या चर्मपत्राचं होई. कॉमन्सकडून, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाकडून, आलेलं विधेयक मात्र चर्मपत्रावरच यायचं. त्यात लॉर्ड्सना बदल हवा असेल तर ते दुसऱ्या घरच्या चर्मपत्राला हात लावत नसत. दुरुस्त्या वेगळ्या कागदावर लिहून धाडत. हा संकोच मला फार आवडतो. आपल्याकडे शेजाऱ्याच्या वहीत लाल शाईने लिहिणारे कमी नाहीत!

मतदानही कानांनीच. सगळ्यांत कनिष्ठ बॅरनपासून सुरुवात करून एकेक जण ‘कंटेंट’ किंवा ‘नॉट कंटेंट’ म्हणे, म्हणजे ‘राजी’ किंवा ‘नाराजी’. हे ‘राजी-नाराजी’ माझं भाषांतर. कोशात सापडणार नाही, पण मला ते ‘होय-नाही’पेक्षा जवळचं वाटतं.

माणसं मोजायची वेळ आली की गंमत व्हायची. १६७९ मध्ये हेबिअस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा कैदेपासून संरक्षण देणाऱ्या, विधेयकावर असं मोजायचं झालं तेव्हा लॉर्ड ग्रे यांनी एका अगडबंब उमरावाला थट्टेने दहा धरलं, समोरच्या मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं, आणि आकडा तसाच पुढे गेला, अशी कथा बिशप बर्नेट यांनी लिहून ठेवली आहे. खरी-खोटी देव जाणे. पण नोंद झाली ५७ विरुद्ध ५५, म्हणजे ११२ मतं, आणि त्या दिवशीच्या हजेरीत नावं आहेत १०७.

आता शब्दाकडे. इंग्रजी ‘रीड’च्या मुळाशी असलेल्या जुन्या क्रियापदाचा अर्थ होता सल्ला देणे, उलगडून सांगणे. जर्मनमधलं ‘राटन’ त्याच कुळातलं, आणि त्याचा एक अर्थ आजही ‘सल्ला देणे’. इंग्लंडच्या एथेलरेड राजाला ‘अनरेडी’ म्हणतात ते ‘तयारी नसलेला’ म्हणून नव्हे, ‘धड सल्ला न लाभलेला’ म्हणून. त्याच्या नावाचा अर्थ ‘उदात्त सल्ला’, म्हणजे लोकांनी त्यावर टोमणाच मारला. आपलं ‘वाचन’ मात्र ‘वाच्’वरून, ज्यातून वाचा आणि वाचाळ आले. त्यात आवाज आहे. डोळ्यांनी गुपचूप वाचणं ही त्या शब्दाची नंतरची सवय. म्हणजे चिटणीस जे करत होता त्याला इंग्रजीपेक्षा मराठी शब्दच जास्त चपखल बसतो, हा मला योगायोगाने मिळालेला आनंद. काही जण ‘पठन’ सुचवतात. पण पठन म्हटलं की आपल्याला स्तोत्र आठवतं, आणि स्तोत्रावर दुरुस्त्या येत नाहीत.

‘फेरी’ का नको, तेही यातूनच दिसतं. फेरी नुसती मोजायची असते. वाचन ऐकणाऱ्यांनी मत द्यावं म्हणून असतं. याला एक गमतीदार पुरावा आहे. राजाने स्वतः सही करून पाठवलेलं सार्वत्रिक माफीचं विधेयक प्रत्येक सभागृहात एकदाच वाचत. राजाने दिलेल्या दानात काय दुरुस्त्या सुचवणार? म्हणून पुढची वाचनंही नाहीत.

शेवटी एक श्लेष, जो फक्त मराठीतच जमतो. ‘वाचणे’ म्हणजे जीव वाचणेही. ते क्रियापद वेगळं, हिंदीतल्या ‘बचना’चं भावंड. आता १५ नोव्हेंबर १६८० चा दिवस पाहा. राजाच्या कॅथलिक भावाला, जेम्सला, वारशातून वगळणारं विधेयक कॉमन्सने मंजूर करून लॉर्ड्सकडे आणलं. उमरावांपैकी शाफ्ट्सबरी बाजूने, हॅलिफॅक्स विरोधात, आणि राजा दुसरा चार्ल्स स्वतः सभागृहात ऐकायला हजर. ६३ विरुद्ध ३० मतांनी ते पहिल्याच वाचनात फेटाळलं गेलं. विधेयक वाचलं, पण वाचलं नाही.