‘तिला फिजिक्सचं डोकंच नाही का?’

नववी-दहावीच्या मुलांचे पालक हा प्रश्न मला सतत विचारतात. त्याचं उत्तर एका मुलीच्या निमित्तानं देते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीतली. गणितात चांगली, भाषांत उत्तम, फिजिक्समध्ये मात्र जेमतेम पास. आई म्हणाल्या, “मॅडम, झोपेतून उठवून विचारलं तरी सूत्रं धडाधड सांगते. मग पेपरात काय होतं? डोकंच नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही सायन्सचा हट्ट धरणार नाही.” मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. असली वाक्यं मुलं विसरत नाहीत. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीकडून उत्तरपत्रिका मागून घेतली. एखाद्या विषयाची धास्ती घेतलेल्या मुलाशी नुसतं धास्तीबद्दल बोलून भागत नाही, तो विषयही समोर घ्यावा लागतो असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण साधं होतं. चेंडू 19.6 मीटर प्रति सेकंद वेगानं सरळ वर फेकला, तर सर्वांत वर पोहोचायला त्याला किती वेळ लागेल आणि तो किती उंच जाईल? तिनं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, +9.8 घेतलं होतं. त्यामुळे वेळ आली उणे 2 सेकंद. वेळ उणे कशी असेल, म्हणून तिनं उणे चिन्ह खोडलं. उत्तर बरोबर ठरलं, पूर्ण गुण मिळाले. मग तेच +9.8 पुढच्या सूत्रात घातलं आणि उंची आली 58.8 मीटर. खरी उंची 19.6 मीटर. तिथे शून्य. चूक दोन्हीकडे एकच होती, पण पहिल्या ठिकाणी ती कुणाच्याच लक्षात आली नाही. “कधी बरोबर येतं, कधी चुकतं. माझं नशीबच तसं आहे,” ती म्हणाली.

मी तिला कोरा कागद दिला. चेंडू तीन ठिकाणी काढ, वर जाताना, सर्वांत वर आणि खाली येताना. हवेचा विचार सोड, आणि चेंडूवर कुठली बलं लागतात ते बाणांनी दाखव. वर जाणाऱ्या चेंडूला तिनं दोन बाण काढले, वरच्या दिशेचा मोठा, खालच्या दिशेचा लहान. सर्वांत वर दोन्ही सारखे.

“हा वरचा बाण कशाचा?”

“मी फेकला ना, त्याचा फोर्स. तो हळूहळू संपतो.”

“बरं. सर्वांत वर वेग किती?”

“शून्य.”

“आणि त्वरण?”

“तेही शून्य.”

“वेग शून्य आहे आणि तो बदलतही नाही. मग पुढच्या क्षणी चेंडू काय करेल?”

पेन्सिल थांबली. “तिथेच राहील…” आणि लगेच, “पण तो तर खाली येतो!” तिनं खोडरबर उचललं. हातातून सुटलेल्या चेंडूला वर ढकलणारं कुणीच नाही, हे बोलत बोलत तिनं वरचे बाण पुसले. तिन्ही चेंडूंना खालच्या दिशेचा एकेक बाण उरला, सारख्याच लांबीचा. आता वरची दिशा धन धरली तर 9.8 उणे का, हे मला सांगावं लागलं नाही. गणित तिनं पुन्हा केलं. 2 सेकंद, 19.6 मीटर.

आईंना आत बोलावून मी तो कागद दाखवला. फेकणारा वस्तूत जोर भरतो आणि त्या जोरावर ती पुढे जाते, हा विचार सहाव्या शतकात फिलोपोनस या तत्त्वज्ञानं मांडला होता, चौदाव्या शतकात बुरिदान या फ्रेंच तत्त्वज्ञानं तो पुढे नेला. गतीचे नियम सांगणारा न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ आला थेट 1687 मध्ये. इतकी शतकं जाणत्या माणसांना पटलेली गोष्ट तुमच्या मुलीला स्वतःहून सुचली आहे, तिला डोकं नाही असं कसं म्हणायचं? हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी 1990 च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना बलाविषयी असेच बिनआकडेमोडीचे प्रश्न विचारले, तेव्हा अवघड गणितं सोडवणारेही अडखळले होते. त्यानंतर त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. आधी प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं.

मुलीच्या संमतीनं मी तिच्या सरांशी बोलले. “पोर्शन पुरा करू की प्रत्येकाच्या मनातलं ऐकत बसू?” त्यांची अडचण खरी होती. भरलेल्या वर्गात, मोजक्या तासिकांत शिकवणाऱ्या माणसाला दोष देणं मला जमत नाही. आम्ही एवढंच ठरवलं की प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक प्रश्न विचारायचा, मुलांनी वहीत अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं, त्याला गुण नाहीत. आईंनाही मी एक काम दिलं. “किती मिळाले?” याच्या आधी “तू असं का लिहिलंस?” हे विचारायचं, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

पुढच्या चाचणीत गुण थोडेसेच वाढले. शाखेचा निर्णय आम्ही दहावीपर्यंत लांबणीवर टाकला आहे आणि तो मुलीनंच घ्यावा यावर आई राजी आहेत. सध्या ती आरशाच्या चिन्हसंकेतावर अडली आहे. अंतर उणे का घ्यायचं, हे तिनं भर वर्गात उभं राहून सरांना विचारलं.