रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटचे पत्ते चुकीचे निघतात. ते अचूक कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या साठ खाटांच्या रुग्णालयात सॉफ्टवेअर आलं, तरी फॉलोअपची पत्रं परत येतात, आशाताई 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' म्हणून कळवतात, आणि व्यवस्थापन म्हणतं काउंटरवरच्या मुलींना नीट टाइप करायला शिकवा. मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात रेकॉर्ड सेक्शन बघतो. माझ्या मते टायपिंग हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. बहुतेक पत्ते टाइप होण्याआधीच, विचारतानाच चुकलेले असतात.

सकाळी दहाची केसपेपरची रांग डोळ्यासमोर आणा. खिडकीतून आवाज येतो, "पत्ता?" समोरचा माणूस आधार कार्ड सरकवतो. त्यावर लातूर जिल्ह्यातलं गाव असतं आणि तो राहतो चाकणला, कंपनीजवळ, चौघांत मिळून घेतलेल्या खोलीत. कार्डावरचा पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर उतरवला जातो. महिनाभराने त्याला डेंग्यू होतो, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, ती माहिती सरकारी यंत्रणेकडे जाते आणि डासांच्या अळ्या शोधायला माणूस जायचा कुठे, तर लातूरला! आता आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) आणि क्यूआर कोडमुळे रांग कमी झाली हे खरंच आहे. पण आभा आधारवरून काढलेलं असेल तर पत्ताही आधारचाच येतो. काउंटरवरची मुलगी निर्धास्त होते, कारण माहिती 'सरकारी' आहे.

एकाच रकान्यात आपण निदान तीन प्रश्न कोंबतो. कागदोपत्री पत्ता कुठला, सध्या मुक्काम कुठे, आणि इथून घरी सोडल्यावर पेशंट जाणार कुठे. महात्मा फुले योजनेच्या कागदांना पहिला लागतो. साथरोगाच्या नोंदीला दुसरा. फॉलोअपला तिसरा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

बाळंतपणाचं घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. नाव नोंदवताना सासरचा पत्ता दिला जातो, कारण आधार लग्नानंतर बदललेलं असतं, किंवा सोबत आलेली आई माहेरचा देते. बाळ दीड महिन्याचं झालं की लसीचा डोस येतो. तेव्हा बाळंतीण अजून माहेरी असेल, नाहीतर सासरी परतली असेल, आणि दोन्ही गावांच्या आरोग्यसेविका ते मूल दुसरीकडच्या यादीत आहे असं धरून चालतात. हे टाळायला डिस्चार्जच्या वेळी नर्सने एवढंच विचारायचं: "बाळाला घेऊन आता कुठे जाणार, आणि तिथे किती दिवस?" आमच्याकडे हा प्रश्न डिस्चार्ज कार्डाच्या छपाईआधी सक्तीचा केला आणि फरक पडला तो तिथे. खिडकीवर घाई असते, पेशंट कण्हत असतो. डिस्चार्जच्या दिवशी माणसं बोलायच्या मनःस्थितीत असतात.

ऊसतोड कामगारांचं तर विचारूच नका. बीडकडचं कुटुंब दिवाळीच्या सुमारास निघतं, कारखान्याच्या परिसरात कोपी (झोपडी) टाकून राहतं आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत जातं. त्यातल्या कुणाला क्षयरोगाचं निदान झालं तर उपचार किमान सहा महिने चालतात, म्हणजे हंगाम मध्येच संपतो. क्षयरोगाची नोंद 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि निक्षय या क्षयरोग्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर पेशंट एका युनिटकडून दुसऱ्याकडे सोपवता येतो, पण तो कधी आणि कुठे हलणार हे कुणीतरी विचारून ठेवलेलं असावं लागतं. अशा वेळी कारखान्याचं नाव, मुकादमाचा मोबाइल आणि मूळ गाव या तीन गोष्टी पिनकोडपेक्षा जास्त कामाच्या.

आता सॉफ्टवेअरकडे. जुना पत्ता पुसून त्यावर नवा लिहिण्याची सोय असेल तर ती आधी बंद करून घ्या. प्रत्येक पत्त्याला प्रकार आणि 'कधीपासून कधीपर्यंत' हे दोन्ही हवं. आभा चालवणारं सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन ज्या एफएचआयआर (आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवण्याच्या) मानकावर चालतं त्यात पत्त्याला घरचा, कामाचा, तात्पुरता, जुना असे प्रकार आणि कालावधी देण्याची जागा आहेच. व्हेंडर 'जमत नाही' म्हणाला तर हे त्याला दाखवा. आणखी एक खोड तपासा. मुख्य नोंदीत पत्ता बदलल्यावर मागच्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड पुन्हा छापलं तर त्यावर कुठला पत्ता येतो? नवा येत असेल तर ते गंभीर आहे. विम्याच्या क्लेमला किंवा पोलीस केसच्या कागदाला त्या तारखेचाच पत्ता हवा.

गावांची नावं हा वेगळाच घोळ. कर्जत रायगडमध्येही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. मालेगाव नाशिकला आणि वाशिमला. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. वडगावं, पिंपळगावं तर मोजता येणार नाहीत, शिवाय इंग्रजीत वडगाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. त्यावर जिल्ह्यांची नावं बदलली, 2014 मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, आणि डहाणूची म्हातारी माणसं अजून 'जिल्हा ठाणे'च सांगतात. म्हणून जिल्हा, तालुका, गाव हे हाताने टाइप करू देऊ नका. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका आहे, तिच्यात महसुली गावांना स्वतंत्र कोड आहेत. ती यादी घालून घ्या. नाव बदललं तरी जुनी नोंद कोडवरून सापडते. मात्र वाडी, वस्ती, तांडा, पाडा त्या यादीत मिळेलच असं नाही. त्यासाठी खाली मोकळा रकाना ठेवा आणि खूण मराठीतच लिहू द्या: 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी'. आरोग्यसेविका त्यावरूनच घर शोधते. पिनकोड डाकघराच्या हद्दीचा असतो, एका पिनकोडात कितीतरी गावं येतात, त्यामुळे त्यावरून गाव आपोआप भरणारी सोय मला अजिबात आवडत नाही.

महिन्यातून एकदा रेकॉर्ड सेक्शनने काही याद्या काढाव्यात. रुग्णालयाचा स्वतःचाच पिनकोड किती पेशंटना लागलाय? बहुधा तो फॉर्ममध्ये आधीच भरलेला येतो आणि कुणी बदलत नाही. जिल्हा महाराष्ट्रातला आणि पिनकोड 40 ते 44 च्या बाहेरून सुरू होतो, अशा नोंदी किती? पत्त्यात नुसतं 'पुणे' किंवा 'वरीलप्रमाणे' कुठे आहे? मोबाइलच्या जागी नऊ हा आकडा दहा वेळा किती ठिकाणी? या याद्या काउंटरवर दरडावण्यासाठी वापरू नका, नाहीतर मुली काहीतरी खरं वाटेल असं भरायला लागतात आणि ते शोधणं फार अवघड जातं.

एकच पेशंट आहे की दोन, हे पत्त्यावरून कधीही ठरवू नका. लग्न झालेल्या मुलीचं मधलं नाव, आडनाव आणि पत्ता तिन्ही बदलतात, कधीकधी पहिलं नावही, आणि मोबाइल नवऱ्याचा. जन्मतारीख, आभा नंबर आणि 'लग्नाआधी इथे केसपेपर काढला होता का?' हा साधा प्रश्न, यावर जास्त भरवसा ठेवा.

परत आलेल्या पत्राचं तुमच्याकडे काय होतं? बहुतेक ठिकाणी फाइलीत लागतं. आशाताईंचा 'सापडत नाही' असा फोन आला की त्याच दिवशी त्या पत्त्यावर 'पडताळणीत सापडला नाही' असा शेरा आणि तारीख पडली पाहिजे, म्हणजे पेशंट पुढच्या वेळी आला की खिडकीवर पडद्यावर सूचना येईल. हे काम एका माणसाच्या नावावर करा. सगळ्यांचं म्हटलं की कुणाचंच राहत नाही.

शेवटी एक रकाना, जो मला पत्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो: 'घरी माणूस किंवा पत्र पाठवलं तर चालेल का?' एचआयव्हीच्या पेशंटबाबत गोपनीयता 2017 च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. मारहाण होते म्हणून घर सोडून बहिणीकडे आलेल्या बाईचा सध्याचा पत्ता, नवरा केसपेपरची प्रत मागायला आला तर त्याच्या हातात पडता कामा नये. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पत्ता कुणाकुणाला दिसतो आणि कुठल्या कागदावर छापून येतो, हे उद्या सकाळीच बघून घ्या.