हुकूम कशाचा?

प्रश्न असा आला आहे: "सुट्टीत आमच्याकडे आजीपासून नातवंडांपर्यंत सगळी मेंढीकोटाला बसतात. सासूबाई 'हुकूम चौकट' म्हणाल्या की त्या डावापुरता चौकटीचा रंग वरचढ. माझी जाऊ हिंदीभाषक घरातली. तिच्या लेखी हुकूम म्हणजे इस्पिक, मग डाव कोणताही असो. दर वेळी यावरून जुंपते. मूळ अर्थ कोणता? शिवाय मुलगा विचारतो, किलवर हा 'क्लब'चा अपभ्रंश का?"

चुकीचं कोणीच बोलत नाही. पण मुळाच्या जवळ कोण, असं विचाराल तर पान सासूबाईंचं वरचढ आहे.

जुंपत कशी असेल याची कल्पना येते. हुकूम चौकट आहे. सासूबाईंनी किलवरचा एक्का उतरला, त्यांच्या भिडूने त्यावर भरवशाने दश्शी घातली, शेवटचं पान जाऊबाईंचं. त्यांच्याकडे किलवर संपलंय. त्या इस्पिकची तिर्री टाकतात आणि 'हुकूम मारला' म्हणून हात ओढायला लागतात. सासूबाईंच्या हिशेबी ती तिर्री म्हणजे निव्वळ फेकलेलं पान! जिथे चार दश्श्यांवर सगळा खेळ उभा, तिथे एका शब्दावरून दश्शी इकडची तिकडे जाणार म्हटल्यावर आवाज चढणारच.

आता शब्दाकडे. 'हुकूम' मूळचा अरबी, अर्थ आज्ञा. तो आपल्याकडे फारसीतून आला. इराणात आजही 'होक्म' नावाचा पत्त्यांचा खेळ घरोघर खेळतात. त्यात एक खेळाडू 'हाकेम' असतो, म्हणजे सत्ता चालवणारा. त्याने आपली पहिली पाच पानं बघायची आणि त्यावरून रंग जाहीर करायचा. उरलेली पानं चार-चार करून नंतर वाटतात. जाहीर झालेला तो रंग म्हणजे होक्म. आपल्याकडे कोटपीस खेळणाऱ्यांना ही पाच-चार-चारची वाटणी ओळखीची वाटेल. तेव्हा पत्त्यांतला हुकूम म्हणजे खरोखरच हुकूम: कोणी तरी आज्ञा केली, की या डावात हा रंग राज्य करेल. पुढचा डाव, पुढची आज्ञा.

मराठीने हाच अर्थ धरून ठेवला. हिंदीत मात्र हुकुम हे एका रंगाचंच नाव होऊन बसलं. तिथे चार रंग हुकुम, पान, ईंट आणि चिड़ी. मग वरचढ रंगाला वेगळा शब्द हवा, तो आहे 'तुरुप'. इंग्रजी 'ट्रम्प' त्याच कुळातला. ट्रम्पच्या मागे 'ट्रायम्फ', म्हणजे विजय. एकाच गोष्टीला कोणी विजयाचं नाव दिलं, कोणी आज्ञेचं. मला आज्ञेचं जास्त पटतं. हुकूम हातात असूनही डाव घालवणारे भरपूर पाहिलेत.

दोन्ही अर्थांतला फरक तपासायची एक साधी युक्ती आहे. मराठीत पानं उचलता उचलता आपण विचारतो, "हुकूम कशाचा?" हा प्रश्नच सांगतो की हुकूम बदलता असतो. जाऊबाईंच्या अर्थाने बघितलं तर हा प्रश्न म्हणजे "इस्पिक कशाचं?" असं विचारण्यासारखं झालं.

मेंढीकोटात तर या शब्दाला आणखी फाटे फुटलेत. 'बंद हुकूम' खेळताना एक जण आपल्या हातातलं एक पान पालथं ठेवतो. रंग ठरलेला असतो, पण ठेवणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नसतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे नाही तो हुकूम उघडायला लावतो, आणि मग एकदम सगळ्यांचे चेहरे बदलतात. 'कट हुकूम'मध्ये आधी काहीच ठरवत नाहीत. पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. गंमत बघा, इथे आज्ञा देणारा कोणी उरलाच नाही, कोणाचा तरी रंग संपला एवढंच झालं, तरी नाव हुकूमच. असा ताणला तरी न तुटणारा शब्द पुरता मुरलेला समजावा.

तो मुरल्याची दुसरी खूण त्याच्या रूपात आहे. 'हुकूम' लिहिताना 'कू' दीर्घ. विभक्ती लागली की तो 'ऊ' गळतो आणि 'हुकमाचा' होतं. माणूस-माणसाचा, कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडाचा, अगदी त्याच वळणावर. बाहेरून आलेला शब्द घरच्या शब्दांसारखा चालायला लागला. 'हुकुमाचा एक्का' असंही छापलेलं दिसतं, पण बोलताना आपण 'हुकमाचा'च म्हणतो आणि मी लिहितोही तसंच.

हा 'हुकमाचा एक्का' टेबलावरून उठून बातम्यांत आणि क्रिकेटच्या गप्पांत कधीच जाऊन बसला आहे. ज्याच्यावर मात करणारं दुसरं काही नाही, ते हुकमाचा एक्का. सासूबाईंच्या अर्थाशिवाय या वाक्प्रचाराला धार येत नाही. चौकट हुकूम असताना इस्पिकचा एक्का चौकटीच्या दुर्रीनेही मारला जातो, असल्या एक्क्यावर कोण भिस्त ठेवणार? म्हणून तर हिंदीत हे काम 'तुरुप का इक्का' करतो. 'हुकमी' या विशेषणातही हीच खात्री आहे: हुकमी गोलंदाज, हुकमी उत्पन्न, आणि घरातल्या धाकट्याचं हुकमी रडणं.

जाता जाता एक धोक्याची सूचना. हुकमाचा वाद मिटला तरी 'पान' शिल्लक आहे. आपण 'पत्ता' आणि 'पान' दोन्ही म्हणतो: पानं वाटली, पानं बरी आली नाहीत, टाक की एक पान! हिंदीत 'पान' म्हणजे बदाम. "मोठं पान टाक" असं सासूबाई म्हणाल्या आणि जाऊबाईंनी बदामाचा राजा टाकला, तर दोष त्यांना देऊ नका. त्या दोघी भिडू असतील तेव्हा हे आधीच बोलून घेतलेलं बरं. खरं तर एवढं पुरे: रंगांची नावं सगळ्यांनी इस्पिक-बदाम-चौकट-किलवर घ्यायची आणि हुकूम फक्त वरचढ रंगाला म्हणायचं. मेंढीकोट मराठी, तेव्हा नियम मराठी. कोटपीस जाऊबाईंच्या माहेरी खेळाल तेव्हा तुरुप म्हणा.

आता मुलाचा प्रश्न. बदाम आणि चौकट ही नावं सरळ आकारावरून पडली, त्यांच्यात कोडं नाही. किलवरचा मात्र 'क्लब'शी संबंध नाही. इंग्रजी 'क्लब' म्हणजे सोटा. इटली-स्पेनच्या जुन्या पत्त्यांत एका रंगावर सोटे असत, दुसऱ्यावर तलवारी. इंग्रजांनी चिन्हं फ्रेंच पत्त्यांची उचलली आणि या दोन रंगांना नावं त्या जुन्या पत्त्यांची ठेवली. म्हणून तीन पाकळ्यांच्या पानाला ते सोटा म्हणतात. 'स्पेड'ही मुळात तलवार, फावडं नव्हे. फ्रेंच लोक त्या तीन पाकळ्यांना सरळ 'त्रेफ्ल' म्हणतात, म्हणजे तिपानी गवत. त्याच गवताला इंग्रजीत 'क्लोव्हर' आणि डचांत 'क्लाव्हर'. डच भाषेत या रंगाचं नावही तेच. मल्याळममध्ये याला 'क्लावर' आणि तेलुगूत 'कळावरु' म्हणतात. कोचीवर १६६३ ते १७९५ डचांचा अंमल होता हे लक्षात घेतलं की दक्षिणेतल्या नावांचा माग डचांकडे का लावतात ते कळतं. आपलं किलवर त्यांचंच भावंड.

तेव्हा मुलाला सांगा, अपभ्रंश म्हणायचाच तर तो गवताच्या नावाचा. पत्त्यावरचं चित्र बघून नाव ठेवायचं झालं, तर आजीचा 'किलवर' त्याच्या 'क्लब'पेक्षा अचूक आहे.