नमुने म्हणतात २.२, मॉडेल म्हणतं १.४२

प्रश्न : मी एका सोन्याच्या प्रकल्पावर जिऑलॉजिस्ट आहे. पहिल्यांदाच एकटीने ब्लॉक मॉडेल (क्षेत्र ठोकळ्यांत विभागून प्रत्येकात किती सोनं असेल याचा अंदाज) केलं आहे. बोअरहोलच्या नमुन्यांची सरासरी टनाला २.२ ग्रॅम येते आणि मॉडेलची १.४२. शिवाय एका होलमध्ये ११.२ ग्रॅमचा नमुना आहे, तो आजूबाजूच्या एकाही ब्लॉकमध्ये उमटलेला नाही. क्रिगिंगची (आजूबाजूच्या नमुन्यांवरून ब्लॉकमधल्या सोन्याचा अंदाज बांधण्याची पद्धत) शोध-त्रिज्या, म्हणजे किती अंतरापर्यंतचे नमुने घ्यायचे ते, कमी करून आकडे जुळवून टाक, असं सहकारी म्हणतो. होलांचा नकाशा सोबत जोडला आहे. काय करू, ताई?

उत्तर : त्रिज्येला अजिबात हात लावू नका. आधी तुमचाच नकाशा माझ्याबरोबर पुन्हा बघा.

त्यात ५० होलं आहेत. त्यातली ३० उत्तरेच्या श्रीमंत पट्ट्यात दाटीने बसली आहेत, तिथली सरासरी ३.०. उरलेली २० होलं बाकीच्या सगळ्या क्षेत्रभर विखुरलेली, त्यांची सरासरी १.०. सरसकट बेरीज करून भागलं की २.२ येणारच. पण तो पट्टा क्षेत्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा आहे. पाचव्या हिश्शाला ३.० आणि चार हिश्शांना १.० धरा, येतात १.४. म्हणजे चूक तुमच्या मॉडेलची नाही, मोजपट्टीची आहे. चांगली ग्रेड, म्हणजे टनामागे भरपूर सोनं, लागली की तिथेच आणखी चार होलं मारली जातात, हे जवळपास प्रत्येक प्रकल्पात होतं. म्हणून तुलनेआधी नमुन्यांची दाटी काढावी लागते, म्हणजेच डीक्लस्टरिंग. सोपा मार्ग सांगते : त्याच ब्लॉकांवर ‘जवळचा नमुना’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक ब्लॉकला सगळ्यात जवळच्या नमुन्याचीच ग्रेड देऊन, दुसरं मॉडेल चालवा आणि त्याची सरासरी क्रिगिंगच्या सरासरीशी ताडून बघा. कटऑफ (ज्या ग्रेडखालचे ब्लॉक सोडून दिले जातात ती मर्यादा) शून्य ठेवा, प्रत्येक डोमेन (सारख्या खडकाचा किंवा ग्रेडचा विभाग) वेगळं घ्या. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर मी पुढे जाते.

आता ११.२ चं. त्या होलमधले सलग पाच नमुने तुम्ही लिहिलेत : ०.३, ०.४, ११.२, ०.५, ०.६. प्रत्येक एक मीटरचा. पाच मीटरचं कंपोझिट केलं, म्हणजे पाचांची मिळून एक सरासरी काढली, की २.६ उरतात. तुमचा ब्लॉक १०×१०×५ मीटरचा, म्हणजे २.७ घनतेने १३५० टनांचा. एनक्यू या प्रमाणित ड्रिल-आकाराच्या एक मीटर कोअरचं, म्हणजे होलमधून निघालेल्या दगडाच्या दांड्याचं, वजन पाच किलोही भरत नाही. पाच किलोंत सोन्याचा एक ठसठशीत कण सापडला म्हणून १३५० टन तसेच असतील, असं कसं मानायचं? क्रिगिंगला ज्यांचं नाव मिळालं त्या डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींबद्दल हेच दाखवलं होतं : मोजक्या नमुन्यांवरून श्रीमंत ठरवलेले ब्लॉक प्रत्यक्षात सरासरीने त्याहून गरीब निघतात. ब्लॉकांच्या ग्रेडचा पसारा नमुन्यांपेक्षा आवळलेला असायलाच हवा. त्रिज्या कमी करून ११.२ ओढून आणलात, तर खाणीला नसलेलं सोनं कागदावर द्याल.

सरासरी जुळली तरी थांबू नका. उत्तरेत जास्त आणि दक्षिणेत कमी, असं असूनही एकूण सरासरी छान जुळू शकते. म्हणून स्वाथ प्लॉट काढा : पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि खोलीच्या दिशेने मॉडेलचे काप करून प्रत्येक कापातली मॉडेलची ग्रेड आणि डीक्लस्टर केलेल्या नमुन्यांची ग्रेड शेजारी ठेवा. मॉडेलची रेघ नमुन्यांच्या चढउतारांमधून संथपणे जायला हवी. टोकाच्या कापांत दोनतीनच नमुने असतील तर तिथल्या फरकाने घाबरू नका. मात्र भरपूर नमुने असूनही सलग तीनचार कापांत मॉडेल वर राहिलं, तर श्रीमंत डोमेनचे नमुने हद्द ओलांडून शेजारी झिरपताहेत का ते पाहा. आणि एकेक सेक्शन उघडून होलं व ब्लॉक एकाच रंगपट्टीत डोळ्यांनी बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावरच आहे.

एक गोष्ट मात्र यातली कुठलीही तपासणी पकडत नाही. माझ्या एका मॉडेलमध्ये तिन्ही स्वाथ प्लॉट सुरेख जुळले होते आणि खालच्या पातळीवरची ग्रेड तरीही फुगलेली होती. कोअर ‘नुसता दगड’ वाटला म्हणून बरेच मीटर प्रयोगशाळेत पाठवलेच नव्हते. टेबलमध्ये त्या जागा रिकाम्या होत्या आणि कंपोझिट करताना मी त्या तशाच वगळू दिल्या. नमुने आणि मॉडेल दोघांच्याही पोटात तीच चूक, मग ते एकमेकांशी जुळणार नाहीत तर काय? कोअरच्या पेट्यांसमोर उभी राहिले तेव्हा ते लक्षात आलं. दगड म्हणून न पाठवलेल्या मीटरला शून्य किंवा मोजमापाच्या किमान मर्यादेच्या निम्मं मूल्य द्यायचं. कोअर हातीच लागला नसेल तर ती जागा रिकामीच ठेवायची. दोन्हींची नोंद लॉगमध्ये, म्हणजे कोअर बघून मीटरवार केलेल्या नोंदींमध्ये, वेगळी असते, तेव्हा तुमच्या टेबलमधल्या प्रत्येक रिकाम्या ओळीसाठी लॉग उघडा.